पिवळा पी

बेसबॉलची टोपी धुवायची ती डिशवॉशरमध्ये, वरच्या कप्प्यात, असं पिट्सबर्गच्या निम्म्या लोकांचं म्हणणं आहे. ज्या यंत्रात माझी आमटीची पातेली जातात त्यात घामट टोपी घालायची ही कल्पना मला सव्वीस वर्षांत पचलेली नाही. त्यामुळे दरवर्षी नोव्हेंबरात, सीझन संपला की, मी ती बेसिनमध्ये कोमट पाण्यात बुडवते, जुन्या टूथब्रशने कडेची पांढरी खारट रेघ घासते आणि पालथ्या पातेल्यावर वाळत ठेवते. भाताच्याच. दुसऱ्या कुठल्याही पातेल्यावर तिचा घेर बसत नाही.

परवा दुपारी ती अशीच हीटरच्या जाळीपाशी वाळत होती, तर लेक म्हणाली, "आई, कोणीतरी म्हातारे गृहस्थ पाठमोरे जेवायला बसलेत असं वाटतंय. टाकून दे ना ती आता."

टोपी मुळात काळी. आता कोऱ्या चहाच्या रंगावर आली आहे. समोरचा पिवळा पी मात्र अजून टिकून आहे, जेजुरीहून आलेल्या माणसाच्या कपाळावर भंडारा रेंगाळावा तसा. एका पुणे-भेटीत मावसभावाने विचारलं होतं, "पी म्हणजे पुणे का गं?" मी हो म्हणून टाकलं. पिट्सबर्ग पायरेट्स ही बेसबॉल टीम काय चीज आहे, हे जेवताना समजावून सांगण्यासारखं नाही. वाढणाऱ्याचे हात दुखतील.

म्हणजे बघा. यंदा, २०२५ मध्ये, १६२ सामन्यांतले आम्ही ७१ जिंकलो आणि ९१ हरलो. होमरन, म्हणजे चेंडू थेट भिंतीपलीकडे, मारण्यात तीस टीममध्ये तळाला. मे महिन्यात मॅनेजरला घरी पाठवलं, तेव्हा हिशेब होता १२ जिंकले, २६ हरले. आणि याच टीममध्ये पॉल स्कीन्स नावाचा तेवीस वर्षांचा पोरगा आहे, ज्याला नुकतंच साय यंग अवॉर्ड मिळालं, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम पिचर (चेंडू टाकणारा), तेही एकमताने. नऊ इनिंगमागे तो सरासरी दोन धावासुद्धा देत नाही, १.९७. आणि त्याच्या नावापुढे काय लिहिलंय? दहा सामने जिंकले, दहा हरले. हा दहाचा दुसरा आकडा त्याचा नाही, आमचा आहे.

मे मधल्या एका रविवारी फिलाडेल्फियात त्याने आख्खा सामना एकट्याने टाकला. आठ इनिंग, एक धाव. हरला. ०-१. मी इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रेडिओवर ऐकत होते. उतरायचं कसं? मागच्या सीटवर कोथिंबिरीच्या दोन जुड्या होत्या, त्या सातव्या इनिंगपर्यंत माना टाकून बसल्या. घरी गेल्यावर नवऱ्याने जुड्यांकडे बघितलं आणि स्कोअर विचारला नाही.

लोक म्हणतात, पिट्सबर्गला राहतेस म्हणून पायरेट्स. तसं असतं तर मी स्टीलर्सच्या मागे गेले असते. फुटबॉलवाले, सहा सुपर बोल जिंकलेले, त्यांच्या मागे आख्खं शहर आहे. पण आमच्याकडे हे घराण्यातच आहे.

बाबा महाराष्ट्राचे होते. म्हणजे रणजीतल्या महाराष्ट्राचे. महाराष्ट्र वेगळा आणि मुंबई वेगळी हे पुण्याबाहेर कुणाला सांगायला गेलं की लोक आपल्याकडे दयेने बघतात. महाराष्ट्राने रणजी दोनदा जिंकली, १९३९-४० आणि १९४०-४१. बाबांचा जन्म १९४२ चा. थोडक्यात हुकलं. त्यांनी पाहिलं ते १९७१. मुंबईचे बडे, गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर, सगळे वेस्ट इंडीजला गेलेले. उरलेल्यांना घेऊन सुधीर नाईक अंतिम सामन्यात उतरले आणि तरीही आम्ही ४८ धावांनी हरलो. ‘आम्ही’ म्हणजे बाबा, मी तेव्हा जेमतेम चालायला लागले होते. पुढे सातवीत गणितात मला अठ्ठेचाळीस मार्क पडले, तेव्हा बाबा ओरडले नाहीत. नुसते "हं" म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

नेहरू स्टेडियमवर ते मला न्यायचे. ऑफिसची हाफ डे टाकून, डब्यात दडपे पोहे. रणजीला गर्दी कसली? सिमेंटच्या तापलेल्या पायऱ्या, इकडे दोन पेन्शनर, तिकडे कॉलेज बुडवलेली चार पोरं, आणि समालोचन ऐकायला कुणीतरी ट्रान्झिस्टर आणलेला, समोर सामना दिसत असताना. (बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकलं की दिसलेलं खरं वाटायचं, हे मलाही कबूल आहे.) बाबांच्या मांडीवर दोनशे पानी वही. आदल्या रात्री पट्टीने रकाने आखून ठेवलेले. माझं काम पेन्सिलीला टोक काढायचं, अर्ध्या ब्लेडने, ढलपे शेंगदाण्याच्या पुडीत. शेंगदाणे संपायच्या आधी ढलपे पडले तर ओरडा.

बाबा टाळ्या वाजवत नसत. आपला कुणी चौकार मारला की घाईघाईने काहीतरी खरडायचे. पण आपली विकेट पडली की चष्मा पुसायचे, माझ्याकडून नवीन टोकाची पेन्सिल घ्यायचे आणि छापल्यासारख्या अक्षरात लिहायचे, कोण, कुणाकडून झेलबाद, किती. हरायला लागलो की त्यांचं अक्षर सुंदर यायचं. त्या वह्या आई रद्दीत देऊ शकली नाही. कुणी पाहुणा चाळायला लागला तर म्हणायचा, काय अक्षर आहे!

महाराष्ट्राच्या लोकांचा एक ठेवणीतला दागिना आहे तो सांगायलाच हवा. भाऊसाहेब निंबाळकर, डिसेंबर १९४८, पूना क्लब, काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ कमी. आणि प्रतिस्पर्धी कप्तानाने पुढे खेळायलाच नकार दिला, सामना सोडून दिला! आमच्या सदाशिव पेठेत त्या वयाचा जो जो भेटला तो त्या दिवशी पूना क्लबवर हजर होता. आजोबासुद्धा. मैदानात तेवढी माणसं मावली कशी, हे विचारायची सोय नव्हती.

इथे आल्यावर हाच प्रकार फोर्ब्ज फील्ड या पायरेट्सच्या जुन्या मैदानाच्या बाबतीत ऐकला आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. १९६० ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल. समोर न्यूयॉर्क यँकीज, म्हणजे इथली मुंबई. सात सामन्यांत यँकीजच्या धावा ५५, आमच्या २७, आणि सिरीज जिंकली आम्ही. सातव्या सामन्यात, ९-९ असताना, नवव्या इनिंगला आमच्या मॅझरॉस्कीने चेंडू डावीकडच्या भिंतीपलीकडे मारला. मैदानात छत्तीस हजार माणसं होती. त्यातली साठ-सत्तर हजार मला स्वतः भेटली आहेत.

शेजारचे आजोबा मात्र प्रामाणिक आहेत. ते म्हणतात, मी शाळेत होतो, दहा वर्षांचा, मास्तरीणबाईंनीच वर्गात रेडिओ लावला. निवृत्त स्टील कामगार. एप्रिल ते सप्टेंबर गॅरेजचं दार वर करून, घडीच्या खुर्चीत, रेडिओ लावून बसतात. आम्हाला दोघांना मिळून हाक मारताना ‘यिन्झ’ म्हणतात, हे इथलं खास सर्वनाम, पहिली दोन वर्षं मला ते कुणाचंतरी आडनाव वाटलं. स्कोअरकार्ड लिहायला त्यांनी शिकवलं. स्ट्राइकआउटला के. बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहिला तर उलटा के. शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षकाने उचलून सेकंड बेसला, तिथून फर्स्टला, दोघे आउट, तर त्या त्या जागेचा नंबर: ६-४-३. मी म्हटलं, मला पेन्सिल द्या.

१९९२ त्यांनी मला कधीच पूर्ण सांगितलेलं नाही. अटलांटात सातवा सामना, शेवटची इनिंग, एक आउट बाकी, जिंकलो तर वर्ल्ड सिरीज. आणि सिड ब्रीम नावाचा गुडघ्यांनी अधू, अतिशय मंद धावणारा, आमचाच जुना खेळाडू, त्यांच्याकडून सेकंड बेसवरून धावत आला आणि बॅरी बॉण्ड्सचा थ्रो पोचायच्या आत घसरत होम प्लेटला टेकला. इथपर्यंत आलं की आजोबा उठून कुंडीला पाणी घालायला जातात. त्यानंतर सलग वीस सीझन हरण्याचे. १९९३ ते २०१२. ब्रीमनंतर काही महिन्यांतच, १९९३ च्या रणजी फायनलला महाराष्ट्र पंजाबकडून हरला होता. मी त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "ब्रीम तिथेही होता?"

बाबा २००४ मध्ये आले होते. क्लेमेंटे या पायरेट्सच्या जुन्या खेळाडूच्या नावाचा पिवळा पूल सामन्याच्या दिवशी गाड्यांना बंद असतो, त्यावरून चालत स्टेडियममध्ये गेलो. नदी, पलीकडे शहर, संध्याकाळचं ऊन. बाबा खूश. मग खेळ सुरू झाला आणि त्यांचे प्रश्न. "आउट झालेला माणूस तासाभराने परत येतो? मग तो आउट कसला?" पाचव्या इनिंगनंतर पिएरोगींची शर्यत असते, म्हणजे बटाट्याच्या करंज्यांची सोंगं घेतलेली माणसं मैदानाभोवती पळतात. ती त्यांनी अंपायरकडे बघावं तितक्या गांभीर्याने बघितली. पण एका गोष्टीवर त्यांचा जीव जडला. फळ्यावर रन आणि हिटशेजारी तिसरा रकाना असतो, एरर. कुणी चेंडू सोडला की तिथला आकडा एकने वाढतो, सगळ्यांसमोर, रात्रभर.

"चुका फळ्यावर लावतात!" बाबा म्हणाले. मग बराच वेळ गप्प. मग, "आपल्याकडे आमच्या ऑफिसात लावायला हवा होता."

परतताना पुलावर विचारलं, "या टीमचं एरवी कसं असतं?"

"हे बारावं वर्ष. हरतायत."

"सलग?"

"सलग."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मुलीने घरच्यांच्या पसंतीचा मुलगा आपणहून निवडावा.

अधूनमधून आशेचे उमाळे येतात. २००८ मध्ये तर पायरेट्सनी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशातली दोन भालाफेक करणारी पोरं घेतली, ज्यांनी वर्षभरापूर्वी बेसबॉल हातात धरलेला नव्हता. टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडलेली. ऑफिसात मला तिघांनी विचारलं, ओळखतेस का. मोठ्या लीगपर्यंत दोघेही पोचले नाहीत, पण पुढचा उन्हाळाभर मी छाती काढून फिरले. पेन हिल्सच्या व्यंकटेश्वराच्या देवळात टोपी पर्समध्ये घालून गेले, पुळियोदरै (चिंचेचा भात) खाल्ली, आणि तिथून थेट सामन्याला. टीमसाठी मात्र देवाकडे काही मागितलं नाही. देवालाही काही अडचणी असतात.

आणि २०१३. पहिला ऑक्टोबर, बाद फेरीचा एकच सामना, समोर सिनसिनाटी. चाळीस हजार माणसं काळे कपडे घालून, समोरच्या पिचरचं नाव हेल काढून ओरडतायत, क्वे-टो, क्वे-टो, गल्लीतली पोरं आउट होणाऱ्याला चिडवतात तसं. त्याच्या हातातून चेंडू पडला. खरंच पडला, मातीत. आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनचा होमरन. जिंकलो. बाद फेरीत, एकवीस वर्षांनी पहिल्यांदा. बाबा २०११ मध्ये गेले होते. त्या रात्रीचं मी लिहिलेलं कार्ड आहे माझ्याकडे, फ्रिजवरच्या टोपलीत. मला ते वाचता येत नाही.

नंतरची दोन वर्षं तोच एकुलता सामना हरलो, २०१५ ला तर ९८ सामने जिंकून. मग चांगले खेळाडू महाग झाले की विकायचे, हे सुरू झालं. बेसबॉलमध्ये पगारावर वरून मर्यादा नाही, खालूनही नाही, त्यामुळे ज्याला खर्च करायचा नाही त्याला कुणी विचारत नाही. यंदा स्टेडियममध्ये लोक मालकाला उद्देशून ‘टीम विका’ असा घोष करत होते. मी केला नाही. नवा मालक टीम दुसऱ्या गावी घेऊन गेला तर?

पुढल्या वर्षाचं विचाराल, तर कॉनर ग्रिफिन म्हणून शॉर्टस्टॉप आहे, एकोणीस वर्षांचा, यंदा खालच्या लीगमध्ये होता, जाणकार त्याच्यावर फिदा आहेत. स्कीन्स आहे, जाईपर्यंत. मी सांगते, आपल्याला फक्त दोन बॅटर हवेत. हे मी २००६ पासून सांगते आहे.

फोर्ब्ज फील्ड आता नाही. पण पिट्सबर्गच्याच ओकलंड भागात युनिव्हर्सिटीच्या आवारात तिथली विटांची भिंत थोडी राखली आहे, आणि दर १३ ऑक्टोबरला लोक तिच्यापाशी जमून १९६० च्या त्या सामन्याचं रेडिओ समालोचन पहिल्यापासून ऐकतात. १९८५ मध्ये एक माणूस एकटाच टेप घेऊन येऊन बसला होता, तिथून हे सुरू झालं. दुपारी एकला टेप लागते. मधल्या जाहिरातींसकट. मॅझरॉस्कीचा फटका तीन छत्तीसला. आम्ही दोघं दरवर्षी जायचो. यंदा आजोबांचा गुडघा साथ देईना, म्हणून मी एकटी गेले. जाताना त्यांनी गॅरेजमधली घडीची खुर्ची माझ्या गाडीत टाकली आणि म्हणाले, संपलं की फोन कर.

आठव्या इनिंगला यँकीज ७-५ ने पुढे होते. माझ्या शेजारच्या बाईने खरोखर डोळे मिटले. मी कार्ड लिहीत होते.

तीन चाळीसला फोन केला. पहिल्या रिंगला उचलला.

"काय झालं?"

"१०-९."

"कोण?"

"आपण."

"हं," ते म्हणाले. मग म्हणाले, खुर्चीचे पाय पुसून आण, तिथे चिखल असतो.