मामा, पुणे आणि पेनेट्रोमीटर

आमच्या घरात रेस हा शब्द कुणी मोठ्याने बोलायचं नाही. आजी नुसतं "तिकडे गेलाय" म्हणायची आणि तिकडे म्हणजे कुठे ते आम्हा पोरांना न सांगता कळायचं. रविवारी दुपारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात अर्धी पेन्सिल ठेवून चाळीचा जिना उतरायचा, चिंचपोकळीहून सातरस्ता आणि पुढे महालक्ष्मीचं घोड्यांचं रेसकोर्स, सगळं चालत. संध्याकाळी वडे घेऊन आला तर जिंकला, गपचूप आंघोळीला गेला तर हरला. मिलमध्ये साचा खात्यात होता, 82 च्या संपानंतर ती नोकरी गेली, मग एका प्रेसमध्ये लागला, तिथून रिटायर पण झाला, पण रेसकोर्स काही सुटलं नाही. आता 71 चा आहे, गुडघे गेलेत, सातरस्त्यावरून टॅक्सी करतो एवढाच फरक.

तर हा मामा जुलैमध्ये मला म्हणाला, चल एकदा पुण्याची रेस बघून येऊ. मला वाटलं थट्टा करतोय. पुण्याच्या रेसकोर्सला तो आयुष्यभर "ते मैदान" म्हणत आलाय. मग कळलं की चेन्नईच्या गिंडी रेसकोर्सला सरकारने सील ठोकलं, 2024 च्या सप्टेंबरात, ते त्याच्या डोक्यात बसलंय. त्याच्या पुढच्या महिन्यात सिंगापूरची शेवटची रेस झाली, 1842 पासूनचा क्लब, सगळी जमीन सरकारला परत. "आज तिकडे, उद्या इकडे. आहे ते बघून घेऊ," म्हणाला. मी रेस कधी खेळले नाही, पण मामाला एकट्याला पाठवणं शक्यच नव्हतं आणि खरं सांगायचं तर लहानपणापासून जे "तिकडे" ऐकलं ते एकदा बघायचं होतंच, तेही आजीला न कळता (आजी आता नाही, तरीसुद्धा).

ऑगस्टमधला रविवार, दादरहून सकाळची डेक्कन एक्सप्रेस. मामाने पहिलं भाषण डेक्कन क्वीनवर दिलं. 1 जून 1930 ला ती सुरू झाली तेव्हा फक्त शनिवार-रविवारची गाडी होती आणि मुंबईच्या बड्या शौकिनांना पुण्याच्या रेसला नेणं हे तिचं काम. आता ती सकाळी पुण्याहून निघते आणि संध्याकाळी मुंबईहून, म्हणजे ज्यांच्यासाठी सुरू केली त्यांच्याच काही कामाची नाही. दर 1 जूनला पुणे स्टेशनवर केक कापतात तिचा, त्यात घोड्याचं नाव कुणी काढत नसणार. कर्जतला मागून इंजिनं लागली, वडा खाल्ला, घाटात धबधबे इतके होते की अख्खा डबा एका बाजूच्या खिडक्यांवर पडला होता, मामा सोडून. तो रेसचं पुस्तक उघडून बसला होता. मी म्हटलं मामा बाहेर बघ, तर म्हणाला, "ते पुढच्या वर्षी पण असणार."

त्या पुस्तकात काय असतं हे मला पहिल्यांदा कळलं. प्रत्येक घोड्याचे आईबाप, मागच्या रेसा, किती वजन पाठीवर, कोण जॉकी, कुठला गेट नंबर, सकाळच्या कसरतीत 600 मीटर किती सेकंदात मारले, सगळं बारीक अक्षरात. दहावीला असा अभ्यास कुणी केला नसेल आमच्या चाळीत. हे असंच आहे म्हणून तर 1996 ला सुप्रीम कोर्टाने घोड्यांची रेस हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे म्हणून सांगितलं, आणि मामा ते वाक्य गेली तीस वर्षं मामीला ऐकवतोय. मामीवर अजून परिणाम नाही.

मला एक गोष्ट माहीतच नव्हती. मी समजत होते मुंबईचे घोडे वेगळे, पुण्याचे वेगळे. तसं नाही. मुंबईचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, मग पावसात महालक्ष्मीच्या ट्रॅकचा चिखल होतो म्हणून सगळा कारभार पुण्याला जातो. तेच घोडे, तेच ट्रेनर, तेच जॉकी, सईस (घोड्यांची देखभाल करणारे) लोक, बुकी, सगळे घाट चढून जुलैत पुण्याला आणि दिवाळीच्या आसपास परत खाली, धनगरांसारखे. क्लब पण एकच, रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. मागे राहतं ते फक्त पब्लिक.

पुणे स्टेशनवर रिक्षावाल्याला टर्फ क्लब म्हटलं तर त्याने मामाकडे बघून मान हलवली आणि माझ्याकडे बघून भुवया वर केल्या. कॅम्पातून पुलगेट, पुढे सोलापूर रोड. इथली रेस 1830 पासूनची, म्हणजे महालक्ष्मीपेक्षा पन्नासेक वर्षांनी म्हातारी (महालक्ष्मी 1883 चं), आणि जमीन लष्कराची. आत शिरल्यावर मला पहिल्यांदा दिसलं ते आकाश. केवढं तरी आकाश, ढग खाली आलेले, पलीकडे एम्प्रेस गार्डनच्या बाजूची झाडं, मधे ओलं हिरवं गवत, आणि आवाज फारसा नाहीच. मला एकदम आवडलं. मामा रेलिंगला टेकून दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "समोर काहीच नाही गं."

त्याला काय म्हणायचं होतं ते मला नंतर लक्षात आलं. महालक्ष्मीच्या स्टँडमधून समोर लोअर परळ दिसतं. मामा पहिल्यांदा गेला तेव्हा तिथे गिरण्यांच्या चिमण्या होत्या आणि त्यातली एक त्याच्या मिलची होती, म्हणजे रविवारी घोड्यावर पैसे लावताना सोमवार समोर उभा असायचा. मग संप झाला, धूर बंद झाला, मग चिमण्या पडल्या, मग टॉवर आले. हे सगळं त्याने एकाच जागेवरून बघितलंय, विनिंग पोस्टच्या (रेस संपते तो खांब) थोडं अलीकडे रेलिंगला, आणि लोकल जाते तिचा आवाज. ती जागा सोडून तो डर्बीला पण हलत नाही. डर्बी म्हणजे इंडियन डर्बी, फेब्रुवारीतला पहिला रविवार, 2400 मीटर, त्या दिवशी टोप्या घातलेल्या बायका आणि फोटोग्राफर येतात आणि मामासारखे लोक वैतागतात. 1943 ची पहिली डर्बी प्रिन्सेस ब्युटिफुल नावाच्या घोडीने मारली होती, बडोद्याच्या महाराजांची, हे त्याला पाठ आहे, माझा वाढदिवस नाही.

आल्या आल्या त्याने एका बोर्डवर काय बघितलं तर पेनेट्रोमीटर. ट्रॅक किती ओला, किती घट्ट ते मोजायची काठी, तिचा आकडा. पावसाळी रेसमध्ये तो आकडा बघितल्याशिवाय जुना माणूस तिकीट काढत नाही, म्हणजे पैसे लावत नाही, कारण काही घोडे ओल्या गवतावर उडतात आणि काहींचे पाय नुसते रुततात. मामाने आकडा पुस्तकावर लिहिला, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "तो सकाळचा आहे, मगाशी सर आली, आता बदलला असणार."

हे भवानी पेठेतले चाचा. मामाच्याच वयाचे, लाकडाचा धंदा, पांढरा शर्ट, डोक्याला रुमाल बांधलेला आणि बोलणं अस्सल पेठेतलं. पायऱ्यांवर एका खांबाखाली त्यांची जागा, तिथे बाकी कुणी बसतच नव्हतं, रिकामी होती तरी. त्यांचे वडील तिथेच बसायचे म्हणे. तिकीट काढायला पण एकच खिडकी, दुसरीकडे रांग नसली तरी नाही. खिडकीमागचा माणूस तीनदा बदलला, हे नाही बदलले.

मग दोघांची जी काय जुंपली. मामा म्हणाला खरी रेस मुंबईचीच, क्लासिक, म्हणजे मानाच्या मोठ्या रेसा, सगळ्या तिथे. चाचा म्हणाले क्लासिक पळणारा घोडा तयार कुठे होतो? फेब्रुवारीत डर्बीला जो घोडा तुम्ही बघता तो बऱ्याचदा आम्ही ऑगस्टात बघून ठेवलेला असतो, कच्चा असताना. मामा म्हणाला तुमच्याकडे ट्रॅक छोटा वाटतो. चाचा म्हणाले तुमच्याकडे टॉवर मोठे आहेत म्हणून. जॉकी पेसी श्रॉफवर मात्र दोघांचं लगेच जमलं, तसा फिनिश कुणाचा नाही, आणि कार्ल उमरीगरचं नाव निघालं तेव्हा दोघं गप्प झाले. 1979 ला महालक्ष्मीला घोड्यावरून पडून गेला तो जॉकी पोरगा, एकोणीस वर्षांचा. मामा त्या दिवशी तिथे होता, एवढंच बोलला.

मधे मी विचारलं, चाचा तुम्ही मुंबईला डर्बीला कधी आलात? तर म्हणाले कधीच नाही. इथेच बघतो. इथे म्हणजे? तर म्हणे मुंबईचा सीझन असतो तेव्हा इथे टीव्ही लावतात, खिडक्या चालू असतात, मी इथेच बसतो, याच पायरीवर जेवणाचा डबा खातो, टीव्ही बघतो आणि घरी जातो. समोर ट्रॅक रिकामा, एक घोडा नाही. मला हसू आलं, मी मामाकडे बघितलं तर तो हसत नव्हता. मग माझी ट्यूब पेटली. जुलै ते ऑक्टोबर मामा पण छत्री घेऊन महालक्ष्मीलाच जातो की! तिथे पुण्याची रेस टीव्हीवर बघतो, पाण्याने भरलेल्या ट्रॅकसमोर. म्हणजे इतकी वर्षं हे दोघं एकच रेस बघतायत, एक जण खरी, एक जण टीव्हीवर, आणि सहा महिन्यांनी उलटं, आणि तीन-साडेतीन तासांची गाडी मधे आहे ती कुणी पकडत नाही.

मी तिसऱ्या रेसला पन्नास रुपये लावले. आधी पॅडॉकला जाऊन घोडे बघितले, सईस त्यांना गोल फिरवत होते, चार नंबरची एक घोडी होती लालसर, कान सारखे हलवत होती, मला आवडली. मामा म्हणाला ओल्यात ती चालत नाही. चाचा म्हणाले चालते. 1000 मीटरची रेस म्हणजे जेमतेम एक मिनिट, लांब पलीकडे गेट उघडलं ते मला दिसलं पण नाही, कॉमेंट्रीवरून कळलं, बराच वेळ नुसते रंगीत ठिपके. आणि मग आवाज येतो. तो मी टीव्हीवर कधी ऐकला नव्हता, तो जमिनीतून येतो, पायऱ्यांना कळतो, आणि समोरून जाताना गवताची ढेकळं उडतात, जॉकी ओरडत असतात, घोड्यांचा श्वास ऐकू येतो, खरंच. आजूबाजूची माणसं आपापल्या घोड्याचा नंबर ओरडत होती, मी पण "चाऽऽर चाऽऽर" ओरडले, मला माझंच आश्चर्य वाटलं. फोटोफिनिश. चार नंबर शॉर्ट हेडने, म्हणजे अगदी थोडक्यात, दुसरी. विनचं तिकीट होतं, म्हणजे पहिलीच यायला हवी, गेले पन्नास. चाचांनी प्लेसचं काढलं होतं, त्यात दुसरी आली तरी पैसे मिळतात, ते मामाकडे बघून नुसतं गालात हसले.

गर्दी कमीच होती. दोघांच्या मते कारण एकच, कर. लावलेल्या प्रत्येक शंभरावर 28 रुपये जीएसटी, जिंकलात तर दहा हजारांच्या वर 30 टक्के टीडीएस वेगळा, त्यामुळे पोरं फोनवरच्या बेकायदा बुकीकडे जातात, तिथे ना कर ना तिकीट ना घोडा दिसतो. (आम्ही येऊन गेल्यावर सप्टेंबर 2025 मध्ये 28 चे 40 झाले, मामाने त्या दिवशी जेवताना बातम्या बंद केल्या.) पण मला वाटतं कर हे अर्धंच कारण असावं. मला तिथे तिशीच्या आतली माणसं फार दिसली नाहीत, आणि जी होती ती मान खाली घालून मोबाईलमध्ये, समोर घोडे जात असताना.

चाचांनी महालक्ष्मीचं विचारलं, आता बाग होणार ना तुमच्याकडे? मामाने सगळं सविस्तर सांगितलं. 2013 ला लीज संपली, अकरा वर्षं नुसता घोळ, मग 2024 ला क्लबच्या मेंबरांनी मत दिलं, 211 पैकी 120 एकर पालिकेला बागेसाठी, 91 एकर रेसकडे राहणार. मतदान मेंबरांचं, मामाला कोण विचारतो, तो रेलिंगचा माणूस. मी मुंबईकर म्हणून बागेच्या बाजूची आहे, मोकळी जागा हवीच आपल्याला, लोअर परळला श्वास घ्यायला जागा नाही, आणि हे मी मामाला तिथेच बोलले सुद्धा. तो चिडला नाही. म्हणाला, "बाग करा की, ट्रॅक राहतोय ना. पण उद्या कुणी म्हणेल बागेत घोडे कशाला?" चाचा म्हणाले आमची तर जमीनच मिलिटरीची, आम्ही कुणाला काय विचारणार.

शेवटची रेस व्हायच्या आधी पाऊस आला, चांगलाच. आम्ही तिघं त्या खांबाखाली. चाचांनी सरकून मामाला जागा दिली, त्यांच्या पायरीवर, आणि मामा बसला. पाचशेची नोट लावली त्याने, चाचांच्या खिडकीवर जाऊन, आणि हरला. निघताना मामा म्हणाला फेब्रुवारीत या डर्बीला, माझ्या जागेवरून दाखवतो. चाचा म्हणाले बघू, इन्शाल्ला, म्हणजे येणार नाहीत.

परतीला शिवनेरी केली. खोपोलीपर्यंत मामा झोपला होता, मग उठून पुस्तकाची पानं चाळत बसला, अंधारात, दिसत काही नव्हतं. दादर जवळ आल्यावर मी विचारलं, काय मग, कसं वाटलं पुणे?

"घोडे चांगले आहेत," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "घोडे काय, आपलेच."