शंकांचे निरसन करण्यात आले

कणकवलीत माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, दस्त, प्रतिज्ञापत्रं हे रोजचं काम. पण मराठी लघुलेखन येणारी माणसं आता थोडीच उरल्यामुळे सभांचं टिपण घ्यायलाही मला बोलावतात. देवगड तालुक्यात एका खाडीकाठी जेटीच्या प्रकल्पाची पर्यावरणविषयक जनसुनावणी होती, तिथे मी अशीच गेले होते. शाळेच्या पटांगणात मंडप, समोर अधिकारी आणि कंपनीची माणसं, टेबलाच्या टोकाला मी.

सकाळ पुढाऱ्यांची गेली. "भूमिपुत्रांच्या न्याय्य हक्कांसाठी", "सर्वांना विश्वासात घेऊन", "कोकणचा सर्वांगीण विकास". लघुलेखनात नेहमीच्या शब्दसमूहाला एकच खूण ठरवून ठेवता येते, आणि ही वाक्यं मी इतकी वर्षं लिहिते आहे की जवळजवळ प्रत्येकाला माझ्याकडे खूण आहे. हाताला काही त्रासच झाला नाही. प्रकल्पाच्या बाजूचे बोलले, विरोधातले बोलले, वहीत खुणा त्याच. नावं झाकली असती तर कोण कुठल्या बाजूचं, हे मलाही ओळखता आलं नसतं. याचा मला राग येतो. लोकांनी ज्यांना आपलं म्हणणं मांडायला निवडून दिलं, त्यांच्या बोलण्यात ही खाडी, हा गाव कुठेच नव्हता.

जेवणानंतर एक आजी उठल्या. ओहोटीला खाडीत उतरून कालवं, तिसऱ्या, खुबे असे शिंपले काढायचे आणि बाजारात वाटे लावून विकायचे, यावर त्यांचं घर चालतं. त्या म्हणाल्या, "खाडीचा तोंड खणून जो गाळ काढतालात, तो खय टाकतालात? आमच्या तिसऱ्यांच्या जाग्यार टाकलात तर आमी खावचा काय?"

यातल्या एकाही शब्दाला माझ्याकडे तयार खूण नव्हती. अक्षर अन् अक्षर लिहावं लागलं.

कंपनीचं उत्तर आलं, "याबाबत योग्य ती शास्त्रीय उपाययोजना करण्यात येईल." याची खूण मात्र होती.

सरकारी मराठीवर माझा आकस नाही. राज्याच्या भाषा संचालनालयाने 1960 पासून घडवलेल्या परिभाषेवरच माझं पोट चालतं. 'भूसंपादन' कानाला जड लागेल, पण नेमकं काय होणार ते त्यातून कळतं. 'करण्यात येईल' पहिलीतल्या पोरालाही वाचता येईल. पण कोण करणार, कधी, कुठे, यातलं काहीही त्यात नाही, आणि उद्या जाब विचारायला गेलं तर समोर माणूसच नाही.

केंद्राच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेत या सुनावणीची पद्धत घालून दिली आहे. लोकांची सगळी मतं आणि काळज्या सारांशात अचूक उतराव्यात, तो सारांश शेवटी लोकांना त्यांच्या भाषेत समजावून वाचून दाखवावा आणि त्याच दिवशी त्यावर सही व्हावी. संध्याकाळी मला सारांश सांगण्यात आला. तो मी टाइप केला आणि मंडपात वाचला गेला: "उपस्थितांनी मत्स्यव्यवसायाबाबत काही शंका उपस्थित केल्या. त्यांचे निरसन करण्यात आले."

आजी अजून बसलेल्या होत्या. "मी शंका नाय घेतलंय," त्या म्हणाल्या. "मी इचारलंय. माझा इचारलेला खय गेला?"

अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, मूळ टिपण वाचा." मी वाचलं, मालवणीत, त्यांनी उच्चारलं होतं तसंच. आपण बोललो ते कागदावर आहे हे कळल्यावर आजी पुढे सरकून उभ्या राहिल्या. अधिकाऱ्यांनी कंपनीच्या माणसांना विचारलं, "गाळ कुठे टाकणार, तेवढंच सांगा." त्यांची आपसात कुजबुज झाली. मग एकजण म्हणाला, "जागा अजून ठरलेली नाही."

तेवढं वाक्य सारांशात घ्यायला अधिकाऱ्यांनी मला सांगितलं, आजींच्या प्रश्नासकट. आजींना ते ऐकून बरं वाटलं नाही, वाटण्यासारखं नव्हतंच. पण या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारता येतो, लेखी हरकत घेता येते, उद्या न्यायालयात जायची वेळ आली तर त्यावर बोट ठेवता येतं. दिवसभरात इतक्या माणसांनी इतकं बोलून काढलं, त्यात असं वाक्य मला दुसरं सापडलं नाही.

बाकीचे प्रश्न तसेच राहिले. आंब्याच्या कलमांवर बसणाऱ्या धुळीचा, होड्या ओढून ठेवायच्या जागेचा, विहिरींच्या पाण्याचा. ते विचारणारी माणसं संध्याकाळच्या एसटीने निघून गेली होती, त्यामुळे सारांश वाचला जाताना "हे माझं नव्हे" म्हणायला कोणी उरलं नव्हतं. मी रात्री बसून पूर्ण टिपण टाइप केलं आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात नेऊन दिलं. त्यांनी ते ठेवून घेतलं. सारांशावर सही आदल्या संध्याकाळीच झाली होती.