सरकत राहिलेलं शहर : शिआनच्या संग्रहालयात

चीनमधल्या शिआनला येणारे बहुतेक पर्यटक मातीचे सैनिक बघतात, तटावर सायकल फिरवतात आणि पुढचं विमान पकडतात. शान्शी इतिहास संग्रहालय जमलं तर. माझं मत विचाराल तर सुरुवात इथूनच करावी, नाहीतर बाकीचं शहर कळतच नाही. प्रवेश फुकट आहे, पण आधी ऑनलाइन नोंदणी हवी आणि दारात पासपोर्ट दाखवावा लागतो. तांग राजवाड्यासारख्या उतरत्या छपरांची ही इमारत 1991 सालची. आवारात भाड्याचा तांग पोशाख घालून फोटो काढणाऱ्या मुलींची ही गर्दी!

दालनं झोउ, चिन, हान, सुई, तांग अशा राजवटींच्या क्रमाने लावली आहेत, त्यामुळे आपण एकाच शहराची गोष्ट ऐकतोय असं वाटतं. मोबाइलवर नकाशा उघडला आणि गंमत लक्षात आली. झोउंच्या फंग आणि हाओ या राजधान्या आजच्या शहराच्या नैर्ऋत्येला, फंग नदीच्या दोन काठांवर. चिनांचं श्येनयांग वेई नदीच्या पलीकडे. हानांचं चांगआन अलीकडच्या काठावर, आजच्या तटाच्या वायव्येला. पुढे तिथलं पाणी खारट होऊ लागलं, तेव्हा सुई सम्राट वेनने 582 मध्ये आग्नेयेला कोरी जमीन निवडून नवी राजधानी आखायला लावली. तांगांचं चांगआन ते हेच. एका दालनातून दुसऱ्यात जायला आपल्याला मिनिटभर लागतं, तेवढ्यात शहर काही किलोमीटर सरकलेलं असतं.

झोउ दालनातली कांस्यपात्रं थोर आहेत, पण दोन-चार कपाटांनंतर डोळे शिणतात. मी जास्त रेंगाळलो ते चिन दालनात, एका तळहाताएवढ्या कांस्याच्या वाघासमोर. वाघ उभा चिरलेला आहे आणि समोर त्याचा एकच अर्धा भाग आहे. अंगावर सोन्याने कोरलेला हुकूम असा : उजवा भाग राजाकडे, डावा ‘तू’ नावाच्या ठाण्यातल्या अधिकाऱ्याकडे. 50 हून जास्त सैनिक हलवायचे तर दोन्ही भाग जुळले पाहिजेत. इशाऱ्याचे जाळ पेटले असतील तरच त्याशिवाय निघायची मुभा. पन्नास माणसांसाठी एवढा बंदोबस्त! आठ हजारांची मातीची फौज बघून चिनांचा दरारा जाणवतो खरा, पण त्यांचा कारभार कसा चालत असेल ते मला या अर्ध्या वाघाने सांगितलं.

हान दालनात सम्राज्ञीची पांढऱ्या जेडची मुद्रा आहे, जेमतेम तीन सेंटिमीटरची. 1968 मध्ये एका शाळकरी मुलाला ती रस्त्याकडेला सापडली. पुढच्या दालनातली तुकू शिन या सेनापतीची काळी मुद्राही 1981 मध्ये एका विद्यार्थ्यालाच मिळाली. तिला 26 बाजू आहेत, त्यातल्या 14 वर वेगवेगळे शिक्के. अर्ज, आदेश, खासगी पत्र, ज्याला जो हवा तो. या गृहस्थांच्या तीन मुली तीन वेगवेगळ्या राजवंशांच्या सम्राज्ञी ठरल्या, त्यातल्या एकीला तो मान मरणानंतर मिळाला. सासरेबुवांना इतके शिक्के लागायचेच.

तांग दालनात मात्र पाय टाकायला जागा नसते. इथला खजिना 1970 मध्ये शहराच्या दक्षिण भागात हजिया गावी निघाला. दोन मडकी आणि एक चांदीचा घडा, आणि त्यांत हजाराहून जास्त वस्तू. बायझंटाइन सोन्याचं नाणं, इराणच्या सासानी राजांचं चांदीचं नाणं, जपानी नाणी, सगळं एकत्र. लोक अकीकाच्या, शिंगाच्या आकाराच्या चषकाभोवती गर्दी करतात. मी पाहत राहिलो ती चांदीची सुरई. आकार भटक्यांच्या चामडी पखालीचा आणि अंगावर सोन्याचा मुलामा दिलेला घोडा, तोंडात पेला धरून मागच्या पायांवर बसलेला. सम्राट श्वानचोंगच्या वाढदिवशी असे घोडे संगीतावर नाचत. 755 मध्ये आन लूशान या सेनापतीने बंड केलं आणि त्या धुमाळीत काही घोडे एका सरदाराच्या तबेल्यात पोचले. छावणीत एकदा वाद्यं वाजली आणि घोडे नाचू लागले. सैनिकांना वाटलं, भूतबाधा झाली. त्यांनी झोडपायला सुरुवात केली. नाच चुकतोय म्हणून मार बसतोय असं समजून घोडे आणखी नेटाने नाचले आणि नाचतच मेले, असं जुन्या चिनी ग्रंथांत लिहिलंय.

इथून चालत जाण्याइतक्या अंतरावर मोठा हंस पॅगोडा आहे. ह्युएनत्संगाने भारतातून आणलेल्या पोथ्या ठेवण्यासाठी तो 652 मध्ये बांधला. हाच माणूस दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला. तिथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, लढाईआधी हत्तींना दारू पाजतात, हर्षालाही हे राज्य जिंकता आलं नाही, असं त्याने लिहून ठेवलं. ते वर्णन या शहरात बसून पूर्ण झालं, हे पॅगोड्याच्या पायऱ्या चढताना फार बरं वाटलं. संग्रहालयातल्या तांग थडग्यांच्या भित्तिचित्रांना वेगळं तिकीट आहे. पोलो खेळणारे घोडेस्वार बघायचे असतील तर ते जरूर काढा.

904 मध्ये चू वेन या सेनापतीने सम्राटाला लोयांगला हलवलं, राजवाडे मोडले आणि लाकूडफाटा वेई नदीतून वाहून नेला. त्यानंतर शिआन पुन्हा कधी साऱ्या चीनची राजधानी झालं नाही. शेवटचं दालन म्हणूनच आटोपशीर आहे : सोंग, युआन, मिंग, छिंग, हजारभर वर्षं भराभर संपतात. याओचोऊची हिरवट चिनी मातीची एक झारी तेवढी थांबवते. तिला झाकण नाही, उलटी करून बुडातून भरायची.

हे संग्रहालय आजच्या तटाच्या बाहेर आहे, पण तांगांच्या तटाच्या आत. त्यांचं शहर सुमारे 84 चौरस किलोमीटरचं होतं. पर्यटक ज्यावर सायकल फिरवतात तो मिंगांचा तट त्याच्या छोट्याशा तुकड्याभोवती आहे. संग्रहालयाजवळच्या श्याओचाई स्थानकावरून मेट्रोने तीन थांबे उत्तरेला गेलं की त्याचा दक्षिण दरवाजा लागतो.