मनीसाठी ओले खाद्य निवडताना
आमची मांजर मनी पाणी फार कमी पिते. सुक्या दाण्यांत जेमतेम १० टक्के पाणी असते, तर ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के, हे समजल्यावर मी तिच्यासाठी ओले खाद्य शोधू लागले. पाकिटावर प्रथिने केवळ १० टक्के पाहून प्रथम निराश झाले. परंतु ८० टक्के पाणी वगळले, तर उरलेल्या कोरड्या भागात प्रथिने निम्मी भरतात, आणि मांसाहारावरच जगणाऱ्या प्राण्यासाठी हे प्रमाण उत्तम आहे. टॉरिन हे मांजरांना आवश्यक असलेले अमिनो आम्ल मात्र मी आवर्जून पाहते, कारण त्याच्या अभावी मांजराची दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडू शकतात. ‘पूरक आहार’ (म्हणजे एकट्याने संपूर्ण पोषण न देणारा) असे लिहिलेले पाकीट मनीला कितीही आवडले, तरी रोजचे जेवण म्हणून मी ते देत नाही. घरच्या रश्श्यातले चिकनही नाही. कांदा-लसूण मांजरांना विषारी असतात.