कोनी धाडं तुमले?

हातात मतदार यादी घेऊन कुठल्याही अंगणात उभा राहिलो की पहिला प्रश्न हाच येतो. ‘कोनी धाडं तुमले?’ म्हणजे कोणी पाठवलं तुम्हाला. खेड्यात तो अहिराणीत येतो. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या अमळनेर शहरात ‘तुम्ही कोणाकडून?’ असा येतो, आणि नात्यातल्या लग्नात पंगत उठल्यावर कोणीतरी आवाज खाली घेऊन विचारतो, ‘अण्णा, नेमकं कोणत्या पक्षाचं काम करता?’ अंगणात उभ्या उभ्या जेवढं सांगता येतं तेवढं सांगून पुढच्या घरी जातो. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून सांगतो.

मी पोस्टमन होतो. एकतीस वर्षं बोरीकाठच्या गावांमधून सायकल चालवली. त्या एकतीस वर्षांत मला हा प्रश्न कोणीही विचारला नाही. अंगावर खाकी होती, खांद्याला पिशवी होती. सरपंचाचं रजिस्टर आणि सालदाराची मनीऑर्डर त्याच पिशवीतून जायची, त्यामुळे हा माणूस कोणाचा, असं कोणाच्या मनात येत नव्हतं. २०१८ साली निवृत्त झालो, २०१९ च्या लोकसभेआधी यादी घेऊन त्याच गावांत गेलो आणि त्याच लोकांनी विचारलं, कोनी धाडं. सुरुवातीला लागलं मनाला. मग लक्षात आलं, त्यांचं बरोबर आहे. निवडणुकीच्या तोंडावर दारात येणारा प्रत्येक माणूस कोणी ना कोणी पाठवलेलाच असतो. त्यांनी दुसरं काही पाहिलेलंच नाही.

मला कोणी पाठवलं, याचं खरं उत्तर २०१४ मध्ये आहे.

२४ एप्रिल २०१४, लोकसभेचं मतदान. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी रांगेत होतो. माझ्या बीटमधलं एक ऊसतोडीचं जोडपं खोलीतून परत बाहेर आलं. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ट्रकात बसायचं आणि चैत्रात परतायचं, असं त्यांचं वर्ष. दोघांच्या हातात मतदान कार्ड होतं. मी विचारलं, झालं का मतदान? बाई म्हणाली, ‘नाव कटेल शे म्हने.’ म्हणजे नाव कापलेलं आहे म्हणे. तिचा नवरा काहीच बोलला नाही. कार्ड उलटंपालटं करून पाहत राहिला, जणू चूक कार्डावरच कुठेतरी लिहिलेली असेल.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मला आठवलं. हिवाळ्यात त्यांच्या घरी सरकारी शिक्क्याची दोन पाकिटं आली होती. घराला कुलूप होतं. मी नियमाप्रमाणे पाकिटं ठेवली, पुन्हा जाऊन पाहिलं, सात दिवसांनी ‘घर बंद’ असा शेरा मारून परत पाठवली. त्या हंगामात अशी बरीच पाकिटं मी परत पाठवली होती. यादीतून नाव काढण्याआधी माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, तशी कायद्यात तरतूद आहे. ती संधी म्हणजेच ते पाकीट. उत्तर आलं नाही, नाव गेलं.

मी नियम मोडला नव्हता, हे मला माहीत आहे. पण शेजारी विचारून ‘ऊसतोडीला गेले, चैत्रात येतील’ एवढं त्या पाकिटावर लिहिलं असतं, तर? हा प्रश्न मी अजून बाजूला ठेवू शकलेलो नाही. आणि नंतर कायदा वाचला तेव्हा जास्तच जीव तुटला. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की तात्पुरता बाहेरगावी गेला म्हणून माणूस आपल्या गावचा रहिवासी राहत नाही, असं होत नाही. ऊसतोडीला, वीटभट्टीला, सुरतेला सहा महिने जाणाऱ्याचं नाव गावातच राहायला हवं. तो हक्क आहे, कोणाची मेहरबानी नाही.

म्हणून मी या कामात पडलो. आमच्या गटाला नाव नाही, नोंदणी नाही, बँकेत खातं नाही. नऊ जण आहोत. त्यांत दोन निवृत्त शिक्षिका, एक शिवणकाम करणारी ताई, एक झेरॉक्सवाला, कॉलेजची तीन पोरं. चहा आणि पेट्रोल ज्याचं त्याचं. झेरॉक्सचा कागद आम्ही वर्गणी काढून आणतो. एकदा एका कार्यकर्त्याने सगळी छपाई करून देतो म्हणून सांगितलं, अगदी चांगल्या मनाने. आम्ही हात जोडले.

लोकांना वाटतं आमचं काम प्रचाराच्या दिवसांत असतं. खरं तर गल्लीत भोंगा फिरू लागला की आमचं मोठं काम संपलेलं असतं. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीसाठी यादीत नवं नाव चढत नाही. त्यामुळे आमचा हंगाम पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत. ‘१५ - अमळनेर’ असं शीर्षक असलेल्या यादीच्या भागाची प्रत घ्यायची, पारावर किंवा मारुतीच्या ओट्यावर बसायचं आणि नावं मोठ्याने वाचायची. एवढंच. मयत माणसाचं नाव आलं की कोणीतरी म्हणतं, ‘आबा तर मागल्या साली गेले.’ मग नमुना सात, म्हणजे नाव काढायचा अर्ज. पोरगं सतरा पूर्ण झालं असेल तर नवं नाव लावायचा अर्ज, नमुना सहा, आधीच भरून ठेवता येतो. पूर्वी फक्त १ जानेवारीला अठरा पूर्ण लागायचे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. नावात चूक, पत्ता बदलला, कार्ड हरवलं, या सगळ्याला नमुना आठ. अर्ज बीएलओकडे, म्हणजे त्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातो. बीएलओ बहुतेक शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीताई. त्यांच्या डोक्यावर आधीच कामाचा डोंगर, त्यामुळे आम्ही अर्ज नीट भरून, कागद जोडून देतो. त्यांच्याशी भांडत नाही.

बायकांच्या नावांबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं. पुरुष जन्मला त्या घरात मतदार होतो आणि बहुतेक वेळा तिथेच राहतो. बाईचं लग्न होतं, आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, गाव, तालुका, कधी जिल्हाही बदलतो. माहेरच्या यादीत ‘लग्न होऊन गेली’ म्हणून नाव निघतं आणि सासरच्या यादीत कोणी चढवत नाही. मग दोन-दोन, तीन-तीन निवडणुका ती कुठेच नसते. घरात कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण मतदानाच्या दिवशी स्वयंपाक तर असतोच. आमची शिवणकामवाली ताई ब्लाउजचं माप घेताना विचारते, तुमचं नाव यादीत कुठे आहे हो? तिने जेवढी नावं लावली तेवढी आम्ही बाकीच्या आठांनी मिळून लावली नसतील.

२०२४ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १० मेला आली होती. आखाजीला लेकी माहेरी येतात, हे खान्देशात सांगायला नको. जळगाव लोकसभेचं मतदान होतं १३ मेला, सोमवारी. म्हणजे ऐन आखाजीच्या झोक्यावर मतदान. त्यात आमच्या भागाची गंमत अशी की तापीच्या अलीकडचं शिंदखेडा धुळे लोकसभेत आणि पलीकडचं शिरपूर नंदुरबार लोकसभेत. नंदुरबारचं मतदान १३ मेला, धुळ्याचं २० मेला. आम्ही निंबाच्या झाडाखाली, झोका बांधला होता तिथे, आलेल्या पोरींना एकेक करून विचारत होतो. बेटा, तुझं सासर शिंदखेड्याचं की शिरपूरचं? शिंदखेड्याची असशील तर आठवडा आहे, राहा निवांत. शिरपूरची असशील तर रविवारी निघावं लागेल. एक पोरगी, कडेवर लेकरू, गाणं अर्ध्यावर थांबवून म्हणाली, ‘काका, मी दोनच दिवसांसाठी आले आहे तशीही, पण माझं नाव तिथे आहे का ते बघाल?’ मोबाइलवर शोधलं. होतं. सासरच्या नावाने, बरोबर. तिने ते स्वतःच्या बोटाने स्क्रीनवर वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि शेजारणीला दाखवलं.

त्याच निवडणुकीत एका पोराने मला निरुत्तर केलं. सुरतेत वराछाकडे एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर कामाला. तिथेच बिऱ्हाड केलं, म्हणून आम्हीच त्याला सांगून नाव तिकडे हलवून घ्यायला लावलं होतं. त्या वर्षी सुरत लोकसभेची निवड बिनविरोध झाली, मतदानच झालं नाही. आखाजीला आला तेव्हा विचारलं त्याने, ‘काका, मी इथेही नाही आणि तिथेही नाही?’ नाव दोन ठिकाणी ठेवता येत नाही, राहतो तिथेच असावं, हे सगळं मी त्याला समजावलं. नियम बरोबर होता. त्याचं तोंड मात्र २०१४ च्या त्या माणसासारखं झालं होतं.

आता उमेदवारांच्या माहितीबद्दल, कारण ‘कोणाचे’ हा संशय सगळ्यात जास्त तिथे येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला शपथपत्र द्यावं लागतं. नमुना २६. शिक्षण, मालमत्ता, कर्ज, प्रलंबित खटले, झालेली शिक्षा. ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या फलकावर लागतं, आयोगाच्या संकेतस्थळावरही असतं. पण वीस-पंचवीस पानांचं शपथपत्र कापूस वेचून आलेला माणूस कधी वाचणार? आम्ही त्यातले पाच रकाने एका कागदावर उतरवतो. सगळे उमेदवार, मतपत्रिकेवर ज्या क्रमाने असतात त्याच क्रमाने, सारख्याच अक्षरात. विशेषण एकही नाही. ‘फक्त’ आणि ‘तब्बल’ हे दोन शब्द आमच्या गटात बंद आहेत. शपथपत्रात खटला प्रलंबित असेल तर ‘प्रलंबित’ लिहायचं, शिक्षा झाली असेल तरच ‘शिक्षा’. आंदोलनात दाखल झालेला गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा यांत फरक आहे, म्हणून कलमासमोर ते कलम कशाचं, तेही लिहितो. खाली छापणाऱ्याचं नाव-पत्ता टाकतो. प्रत्येक कागद दोन शिक्षिका दोन वेळा मूळ शपथपत्राशी ताडून पाहतात, आणि त्यांची खूण आल्याशिवाय झेरॉक्स निघत नाही.

हा कागद घेऊन गेलो की एका बाजूचे म्हणतात तुम्ही त्यांचे, दुसऱ्या बाजूचे म्हणतात तुम्ही यांचे. मी कागद पुढे करतो आणि म्हणतो, यात चुकीचं काय ते दाखवा, आत्ता दुरुस्त करतो. आजवर दोनदा चूक सापडली. एकदा कर्जाच्या आकड्यात शून्य सुटलं होतं. वाटलेले सगळे कागद परत गोळा केले, चार गावं पुन्हा फिरलो.

कोणाला मत देऊ, याचं उत्तर आम्ही देत नाही. माझ्या घरातही नाही. बायको अजून रागावते त्यावरून.

आणि एक भीती असते, ती लोक चारचौघांत बोलत नाहीत. सगळे गेल्यावर एखादा म्हातारा थांबतो आणि विचारतो, मी कोणाला दिलं ते कळतं का हो त्यांना? पैशाचं पाकीट घेतलेल्याला ही भीती जास्त. मी खरं तेच सांगतो. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्राच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, फक्त तुम्हाला दिसते, मग आतल्या पेटीत पडते. ती कोणाच्या हातात येत नाही त्या वेळी. तिच्यावर तुमचं नाव नसतं. केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात, त्यामुळे गावाने कोणाला किती मतं दिली ते कळतं. हे लपवत नाही मी. पण तुमचं एकट्याचं मत कोणालाही कळत नाही. एका आबांना हे मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी मोठा श्वास सोडला, काठी उचलली आणि काही न बोलता गेले.

२०१४ चं ते जोडपं? दोघांचीही नावं पुन्हा लागली, २०१९ मध्ये मतदान केलं त्यांनी. आता दरवर्षी दिवाळीनंतर ट्रक निघायच्या आधी ती बाई मला फोन करते. घराला कुलूप लावते आहे, एवढंच सांगते. मी माझ्या वहीत नोंद करतो आणि त्यांच्या बीएलओ गुरुजींना कळवतो. अशी एकशेचौदा कुलुपं आहेत यंदा वहीत.

गेल्या वेळी कॉलेजचा एक नवा पोरगा माझ्यासोबत होता. पहिल्याच अंगणात शेजारच्या घरी पाहुणा आलेल्या एका गृहस्थाने त्याला हटकलं, कोणी पाठवलं रे तुम्हाला? पोरगा गांगरला. मी तोंड उघडणार एवढ्यात ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली आजी तिथूनच म्हणाली, ‘तो टपालवाला शे. यादी लई येस.’ म्हणजे यादी घेऊन येतो. आणि घरात वळून नातीला हाक मारली. नात आधार कार्ड, दाखला आणि दोन फोटो आधीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तयार होती. जन्म फेब्रुवारीचा, म्हणजे १ एप्रिलची तारीख. नमुना सहा तिथेच ओट्यावर भरायला बसलो. सही करताना तिने विचारलं, पूर्ण नाव लिहू की छोटं?

पूर्ण लिही, म्हटलं.