राजीनामा न देता सुटलेल्या नोकरीचे कागद

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी स्टोअर सांभाळत होते. बेअरिंग, इन्सर्ट, कूलंटचे ड्रम आणि मोजमापाची सगळी हत्यारं माझ्या सहीनं आत-बाहेर व्हायची. २०२३ च्या जूनमध्ये नंदगडला वडिलांना अर्धांगाचा झटका आला. भाऊ गोव्यात, घरी करणारं दुसरं कोणी नाही. टाइम ऑफिसला फोन केला, स्टोअरच्या किल्ल्या सुपरवायझरच्या हातात दिल्या आणि निघाले. त्या कामावर परत गेले नाही. राजीनामा नाही, नोटीस नाही.

गणपती झाल्यावर वडील काठी धरून परड्यापर्यंत जाऊ लागले आणि मी काम शोधायला लागले. शिनोळीच्या एमआयडीसीत स्टोअरचीच जागा होती. आमच्याकडच्या कितीतरी जणांची रोजीरोटी हद्दीवरच्या बाचीच्या पलीकडं, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात आहे. कर्नाटकाच्या बसला बाईमाणसाला तिकीट नाही, महाराष्ट्राच्या एसटीला अर्धं, त्यामुळं जाण्यायेण्याचा खर्चही बेताचा. तिथल्या एचआरनं व्हॉट्सअॅपवर यादी पाठवली: अनुभवाचा दाखला, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म सोळा, आणि पीएफला जुन्या कंपनीची सोडल्याची तारीख पडलेली असावी. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले.

जुन्या ठिकाणी फोन केला तर पर्सनलचे साहेब एका वाक्यात मोकळे झाले. "नोटीस न देता गेलीस, तुला कसले कागद?" वर आणखी एक ऐकवलं, की माझ्या नावावर एक डायल बोअर गेज, म्हणजे भोकाचा आतला व्यास मोजायचं हत्यार, निघतोय, त्याचे पैसे भरल्याशिवाय नो ड्यूजवर, म्हणजे काही देणं राहिलं नाही या कागदावर, सही होणार नाही. बोअर गेज म्हणजे काय चार-दोनशेची वस्तू नव्हे.

मी यादी पुढ्यात घेऊन बसले आणि कुठला कागद खरोखर त्यांच्याच हातात आहे ते बघितलं. फॉर्म सोळा लगेच बाद झाला. पगारातून टीडीएस, म्हणजे इन्कम टॅक्स, कापला तरच तो द्यावा लागतो. माझा पगार टॅक्सच्या घरात कधी गेलाच नाही, इन्कम टॅक्सच्या साइटवर सव्वीस एएस, म्हणजे कापलेल्या टॅक्सची नोंद, उघडलं तर तेही कोरं. नव्या एचआरला तसं कळवलं, त्यांनी मुकाट्यानं ती ओळ खोडली. एचआरच्या यादीतल्या निम्म्या ओळी अशाच कुणाच्या तरी जुन्या यादीतून उतरवलेल्या असतात असं माझं मत आहे. स्लिपांच्या ऐवजी बँकेचं स्टेटमेंट चाललं, कारण पगार खात्यावर यायचा आणि समोर कंपनीचं नाव असायचं. नोकरी किती वर्षं केली याचा पुरावा तर पीएफच्या पासबुकातच होता. महिन्यामहिन्याची नोंद, माझे बारा टक्के, त्यांचे बारा टक्के, त्यातले पेन्शनकडं वळवलेले वेगळे.

पासबुक उघडायलाच थोडा वेळ गेला. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला, त्यामुळं ओटीपी कुठं जातोय कुणास ठाऊक. पोस्टातल्या आधार केंद्रात जाऊन अंगठा देऊन नंबर बदलून घेतला. हे तेव्हा ऑनलाइन होत नव्हतं.

आणि तिथंच खरी अडचण दिसली. २०२० च्या जानेवारीपासून सोडल्याची तारीख कामगाराला स्वतःच पीएफच्या पोर्टलवर टाकता येते, शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की झालं. मालकाच्या पाया पडायची गरज नाही. पण ती तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातली असावी लागते. माझी शेवटची वर्गणी मे महिन्याची! जूनमध्ये जेवढे दिवस काम केलं त्याचा पगार त्यांनी दाबून ठेवला होता, त्यामुळं त्याची पीएफही भरली नव्हती. मी मे महिन्यातली तारीख टाकली असती तर पोर्टलवर एक आणि दाखल्यावर एक झालं असतं, आणि एकदा पडलेली तारीख दुरुस्त करायला तेव्हा पुन्हा कंपनीच्याच दारात उभं राहावं लागायचं. म्हणून काही टाकलं नाही. आधी पत्र लिहिलं.

गल्लीतल्या एका जाणत्या माणसानं सल्ला दिला की राजीनाम्यावर मे महिन्याची तारीख घाल, म्हणजे नोटीसही बसते. मला पटलं नाही. हजेरीबुकात माझ्या जूनच्या सह्या आहेत, पाकिटावर पोस्टाचा शिक्का असतोच. राजीनाम्यावर लिहिण्याच्या दिवसाचीच तारीख घातली, आत कामाचा शेवटचा दिवस आणि कारण, सोबत वडिलांच्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स. मागण्या मोजक्याच ठेवल्या. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुठल्या पदावर होते एवढाच दाखला द्या, वागणूक चांगली होती वगैरे काही लिहू नका. जूनची पीएफ भरा. नेमणुकीच्या पत्रात एक महिन्याची नोटीस आहे हे मला मान्य आहे, ती माझ्या राहिलेल्या पगारातून वळती करा आणि हिशेबाचा कागद द्या. "वागणूक" सोडायला सांगितलं ते मुद्दाम. कौतुक मागितलं की समोरच्याला नाही म्हणायला जागा मिळते, तारखा मात्र त्यांच्याच रजिस्टरात असतात.

पत्र हातोहात घ्यायला रिसेप्शनवरची मुलगी तयार नव्हती, साहेबांची मनाई होती. रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह पाठवलं आणि तेच ईमेलनंही. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र मैत्रिणीकडून, मी तिला अक्का म्हणते, कन्नडमध्ये लिहून घेतलं, कारण ते कामगार खात्याच्या ऑफिसातही द्यायचं होतं आणि तिथं कन्नड अर्ज लवकर वाचला जातो. अक्कानं वाचून एक भर घातली. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखाली केंद्राचे जे नमुन्याचे नियम तेव्हा होते, त्यात बडतर्फ केलेल्या कायम कामगारालाही नोकरीचा दाखला मिळण्याचा हक्क होता. आमच्या छोट्या शॉपला तो कायदा लागत नव्हता, तसा दावाही आम्ही केला नाही. काढून टाकलेल्याला जे मिळतं ते स्वतः गेलेल्या बाईला का नाही, एवढंच विचारलं. खाली "प्रत: कामगार अधिकारी" अशी ओळ.

त्या ओळीनं काम केलं की अजून कशानं, सांगता येत नाही, पण टाइम ऑफिसच्या क्लार्कचा फोन आला. "नोड्री ताई, तुमच्या पीएफचं मी बघतो. पण त्या गेजचं काय ते मिटवा, साहेब त्याच्यावरच अडून बसलेत."

गेजचं मी रोज रात्री डोक्यात घोळवत होते. बोअर गेज शॉपमधून कोण घरी नेणार? जत्रेत विकायची वस्तू आहे का ती? मग आठवलं, जूनच्या सुरवातीला हत्यारं कॅलिब्रेशनला, म्हणजे मापं बरोबर दाखवतात का ते तपासायला, लॅबकडं गेली होती. दरवर्षी जातात, ऑडिटच्या आधी. माल विकून बाहेर गेला तर बिल असतं, पण परत यायची वस्तू रिटर्नेबल चलनावर जाते आणि गेटवरच्या वहीत तिची नोंद होते. परत आली की त्याच ओळीपुढं आवकची तारीख पडते. माझ्या इश्यू रजिस्टरमध्ये शेवटची सही माझी असणारच, लॅबला द्यायला गेज मीच काढून दिले होते.

तिसऱ्या रेल्वे गेटावरून रिक्षा करून गेले. गेटवर मामा होते, मी असताना होते तेच.

"आत सोडायचं नाही म्हणून सांगितलंय बगा तुमाला," ते म्हणाले. "पन सावलीत बसा की, उन्हात कशाला थांबलायसा?"

"मला आत यायचंच नाही मामा. गेटची वही कुठाय? जूनच्या पहिल्या आठवड्यातली."

"वही दावायला कोन नको म्हनलंय?"

नोंद सापडली. हत्यारांची यादी, चलन नंबर, लॅबच्या पोराची सही, गाडीचा नंबर. आवकच्या रकान्यात बाकी सगळ्यांपुढं तारीख होती, बोअर गेजपुढं रकाना मोकळा. लॅबनं दुरुस्तीसाठी ठेवून घेतला असणार आणि मी गेल्यावर त्याचा पाठपुरावा कुणी केला नाही. मी वहीचा फोटो काढला नाही, मामांना त्रास झाला असता. चलन नंबर कागदावर लिहून घेतला आणि तो घालून साहेबांना तिथूनच ईमेल केली. गेज लॅबमधून विचारून घ्या, एवढंच. पुढं गेजबद्दल मला कुणी काही बोललं नाही, की चूक झाली असंही म्हटलं नाही.

दाखला पोस्टानं आला. लेटरहेडवर तीन ओळी: रुजू झाल्याची तारीख, पद, शेवटचा दिवस, आणि शेवटी "पूर्वसूचना न देता स्वतःहून काम सोडले" असा शेरा. मैत्रीण म्हणाली शेरा काढायला लाव. मी नको म्हटलं. वाक्य खरं होतं आणि त्यासाठी आणखी एक दिवाळी घालवायची माझी तयारी नव्हती. जूनची वर्गणी पासबुकात दिसायला लागल्यावरच पोर्टलवर मार्क एक्झिटमध्ये जाऊन दाखल्यावरची तीच तारीख टाकली, कारण निवडलं, ओटीपी दिला, झालं.

शिनोळीच्या एचआरनं शेरा वाचला आणि विचारलं, "का सोडलंत?" वडिलांचं सांगितलं. त्यांनी पोर्टलवरची तारीख दाखल्याशी जुळवून बघितली आणि पुढचा प्रश्न कॅलिब्रेशनची वही कशी ठेवता असा केला. त्यावर मी बराच वेळ बोलले.

पीएफचे पैसे काढून घे म्हणून घरात सगळे मागं लागले होते. काढले नाहीत, जुनं खातं नव्यात वर्ग करून घेतलं. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी धरतात आणि राज्य बदललं तरी यूएएन, म्हणजे कामगाराचा पीएफ नंबर, तोच राहतो, त्यामुळं उद्यमबागेतली वर्षं शिनोळीतल्या वर्षांना जोडली गेली. जूनच्या राहिलेल्या पगाराच्या हिशेबाचा कागद तेवढा अजून आलेला नाही. त्याचं तिसरं पत्र अक्काकडं लिहायला दिलंय.