पहिला पुल-अप निघाला, दुसरा तळाशीच अडतोय

झाला! कोपरं पूर्ण सरळ, पाय जमिनीपासून सुटलेले, अंगाला झोका नाही आणि हनुवटी दांड्याच्या वर. गुरुवारी सकाळी गच्चीवर पहिला स्वच्छ पुल-अप निघाला. भाच्यानं काढलेला व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. वर मान ताणून हनुवटी टेकवलेली नाही, खाली कोपरात वाक नाही. हा मोजायचाच.

दोन श्वास घेऊन दुसऱ्यासाठी जोर लावला, तर अंग चार बोटं वर आलं आणि तिथंच थांबलं. गेल्या काही नोंदींत ज्या तळाबद्दल लिहितेय, तोच हा तळ. वरचा भाग आता माझा झालाय. कोपर काटकोनात आलं की पुढचं अंतर मी खात्रीनं काढते. डेड हँगपासून, म्हणजे कोपरं सरळ ठेवून नुसतं लोंबकळण्यापासून, त्या काटकोनापर्यंतचा रस्ता मात्र अजून तेवढाच जड आहे.

याचं मोठं कारण बँड, म्हणजे मदतीसाठी दांड्याला अडकवून पायाखाली घ्यायचा रबरी पट्टा. रबर जितकं ताणलं जातं तितकी ते जास्त मदत करतं, आणि पायाखाली अडकवलेला बँड सर्वात जास्त ताणलेला असतो तो आपण अगदी खाली लोंबकळत असताना. म्हणजे जिथं मी सर्वात कमजोर, तिथंच बँड सर्वात जास्त उचलून धरतो आणि वर जाता जाता सोडून देतो. हिरव्या बँडवर सलग आठ व्हायला लागले तेव्हा वरचा अर्धा भाग पक्का झाला, तळाला फारसं काम पडलंच नाही. बँडवरून थेट मोकळ्या पुल-अपवर उडी घ्यायची ठरवलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. बँड हवाच, पण तळाचं काम वेगळं करायला हवं.

मी ते तीन गोष्टींनी केलं. पहिली, स्कॅप पुल. कोपर न वाकवता नुसती खांद्याची पाती खाली ओढायची आणि अंग दोन-तीन इंच उचलायचं. दिसायला किरकोळ, पण पुल-अपची सुरुवात इथूनच होते. पाती सैल राहिली तर बराचसा भार दंडाच्या पुढच्या स्नायूवर येतो आणि लॅट, म्हणजे पाठीचा रुंद स्नायू, नीट कामाला लागत नाही. दुसरी, तळाचा थांबा. स्टुलावर पायाचा अंगठा टेकवून कोपर जेमतेम वाकवायचं आणि तिथंच आठ-दहा सेकंद धरून राहायचं. ज्या कोनात स्नायू धरून ठेवतो, ताकद मुख्यतः त्याच कोनाच्या आसपास वाढते, म्हणून हा थांबा तळाशीच हवा. तिसरी, सावकाश निगेटिव्ह, म्हणजे वरून सुरू करून नुसतं खाली उतरणं, पण शेवटचा टप्पा सर्वात हळू. बहुतेक जण वरून छान उतरतात आणि काटकोनाखाली आल्यावर धपकन सुटतात. नेमका तोच तुकडा मला हवा होता.

निगेटिव्ह वाढवल्यावर उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखणं सुरू झालं. फिजिओथेरपिस्टनं गोल्फर्स एल्बो सांगितला. मनगट आणि बोटं मिटणाऱ्या स्नायूंचा कंडरा तिथं हाडाला चिकटतो, त्यावर ताण आला होता. पूर्ण विश्रांती नको, भार कमी करा, असा सल्ला मिळाला आणि तो मला फार मोलाचा वाटतो. निगेटिव्ह निम्म्यावर आणले. दोन किलोचं डंबेल घेऊन मनगट हळूहळू खाली सोडायचा व्यायाम रोजचा केला. दांड्याऐवजी लाकडी रिंग टांगल्या. दांड्यावर पंजा एकाच दिशेत जखडलेला असतो, रिंग मात्र हाताबरोबर फिरते आणि कोपराला हवी ती वाट मिळते. रिंग घ्यायच्या तर लाकडीच घ्या. प्लॅस्टिकच्या रिंग घामानं सुळसुळतात, खडू लावूनही.

दांड्याबद्दल विचारणाऱ्यांसाठी: दाराच्या चौकटीत फिरवून अडकवायचा बार मी परत केला. चौकटीचा रंग उडाला आणि पूर्ण भार टाकायला मन धजलं नाही. आत्ताचा दांडा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरकडून करून घेतलाय. पाऊण इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, हेवी सी क्लास, म्हणजे जाड पत्र्याचा. पाइपचं माप नावापुरतं असतं, पाऊण इंचीचा बाहेरचा व्यास जवळजवळ २७ मिलिमीटर भरतो. माझ्या पंजाला तो नेमका बसतो. एक इंची पाइप बाहेरून ३३ च्या पुढं जातो आणि त्यावर पाठीआधी बोटंच दमतात. बायकांनी दांडा करवून घेताना हे माप आवर्जून सांगावं. फॅब्रिकेटर सवयीनं जाड पाइप सुचवतात.

खाण्याकडे येते. श्रावणात घरी अंडी बंद, त्यामुळं दिवसाचा प्रथिनांचा आकडा घसरेल अशी धास्ती होती. माझं वजन ६२ किलो. व्यायाम करणाऱ्यांसाठी किलोमागं १.६ ग्रॅम धरलं तर रोज शंभरेक ग्रॅम लागतात. नुसत्या वरण-भातावर हे होत नाही. वाटीभर पातळ वरणात तीस ग्रॅम तूरडाळ असली तरी प्रथिन सहा-साडेसहा ग्रॅमच. या महिन्यात तारलं ते चक्क्यानं. लिटरभर गाईच्या दुधात ३२ ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं. दही लावून फडक्यात बांधलं की पाणी निथळतं आणि बहुतेक प्रथिन चक्क्यातच राहतं. साखर न घालता जिरेपूड, काकडी आणि मिरची घालून दुपारी ज्वारीच्या भाकरीबरोबर खाते. निथळलेल्या पाण्यातच पीठ भिजवते, भाकरीला छान आंबूस चव येते. जोडीला मोडाची मटकी, आणि संध्याकाळी कोल्हापुरी मसाल्यात परतलेले सोया चंक्स. कोरड्या ५० ग्रॅममध्ये २६ ग्रॅम प्रथिन! मीठ घातलेल्या पाण्यात उकळून घट्ट पिळले तरच मसाला आत मुरतो.

श्रावणी सोमवारी साबुदाणा सोडला. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, खिचडीतलं प्रथिन असतं ते शेंगदाण्याचं. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी आणि दही. नवरात्रातही हाच बेत ठेवणार आहे.

वजन हललेलं नाही, पण टेप कमरेवर पावणेदोन इंच आत आलाय आणि दोन ब्लाउजच्या बाह्या उसवून मोकळ्या कराव्या लागल्या. शिंपीणबाईंनी टाके उसवताना दंड दाबून पाहिला, तो क्षण मला पुल-अपइतकाच आवडला. दंड ‘टोन’ व्हावेत म्हणून अर्ध्या किलोची डंबेल्स शंभरदा हलवायला सांगणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. स्नायू वाढला आणि वरची चरबी उतरली की दंड रेखीव दिसतो. त्यासाठी जड ओढावं लागतं, आणि नीट खावं लागतं.

पुढचा बेत होता सर्वात पातळ बँड मागवून त्यावर तीन-तीनचे सेट करायचे. पण वर बँडचं गणित लिहिताना वेगळंच सुचलं. मदत तळापासून वरपर्यंत सारखी हवी असेल तर रबर कशाला? कप्पी लावावी! कागलजवळ आमच्या शेतातल्या विहिरीवरची जुनी कप्पी पडून आहे. दांड्याच्या वरच्या तुळईला ती टांगायची, दोराचं एक टोक माझ्या कमरेच्या पट्ट्याला आणि दुसऱ्याला वाळूची पिशवी. पिशवी आठ किलोची असेल तर घर्षण सोडून सबंध अंतरभर आठ किलोचीच मदत. दर आठवड्याला थोडी वाळू काढली की झालं. बँडमध्ये एवढं बारीक माप मिळतच नाही. कप्पीच्या हुकावर दोराच्या दोन्ही बाजूंचा ताण येतो, म्हणजे आठ किलोला सोळा, तेव्हा हुक त्या हिशेबानं भक्कम घ्यायचा.

तर बँड मागवत नाही. रविवारी शेतावर जाऊन कप्पी काढते, बेअरिंग गंजलं असेल तर उद्यमनगरातच बदलून घेईन. डेड हँगमध्ये पिशवी कप्पीला धडकू नये म्हणून दोर किती लांब ठेवावा, आणि दहा मिलिमीटरचा दोर पुरतो की बारा लागतो, हे ज्यांनी असं काही उभं केलंय त्यांनी शनिवारपर्यंत कळवा.